तंत्र आलं, हिशोब आला नाही: कृष्णेतलं मळीचं पाणी आणि एका डच संशोधकाचा धडा

गळीत हंगाम संपत आला आणि नदीची धार बारीक झाली की शिरोळ, मिरज, कागवाड, चिक्कोडी या पट्ट्यात एक बातमी ठरलेली असते. पाणी काळपट, वास उग्र आणि काठाला मेलेल्या माशांचा खच. पंचगंगेवरच्या तेरवाड बंधाऱ्याचं नाव या बातम्यांत अनेक वर्षं येत आहे. मार्च २०२३ मध्ये सांगलीजवळ अंकली भागात कृष्णेतच मासे मोठ्या प्रमाणात मेले, तेव्हा हा प्रश्न थेट राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेला. त्यानंतरची पावलंही ठरलेली असतात. बाटल्यांत नमुने भरले जातात, नोटिसा निघतात, निवेदनं दिली जातात. मग वळीव पडतो, नदी वाहती होते आणि विषय पुढच्या उन्हाळ्यापर्यंत मागे पडतो.

या सगळ्यात एक वाक्य हमखास ऐकू येतं, ‘मळीच्या पाण्यावर उपाय करायचं तंत्र फार महाग आहे, ते आपल्याकडं परवडत नाही.’ कारखान्याच्या बाजूनंही हे बोललं जातं आणि गावच्या पारावरही. पण हे वाक्य तपासून बघितलं तर ते निम्मंच खरं निघतं. साखर आणि मद्यार्क उद्योगाच्या सांडपाण्यातला मोठा भार काढून टाकणारं तंत्र जवळपास ५० वर्षांपूर्वी तयार झालं. ते एका साखर कारखान्याच्याच पाण्यावर तयार झालं आणि ज्यानं ते तयार केलं त्यानं त्याचं पेटंटही घेतलं नाही. सीमाभागातल्या अनेक डिस्टिलऱ्यांत त्याच कुळातले डायजेस्टर आज उभे आहेत. मग अडलंय कुठं, हे समजायला आधी या पाण्याचा हिशोब मांडावा लागतो.

एक टँकर आणि साडेपाच कोटी लिटर नदी

गावाकडं ज्याला सरसकट ‘मळीमिश्रित पाणी’ म्हणतात, त्यात दोन वेगळ्या गोष्टी असतात. एक साखर कारखान्याचं सांडपाणी. त्यात धुण्याचं पाणी, गळती, थोडी साखर असते. केंद्राच्या २०१६ च्या नियमानुसार गाळलेल्या एक टन उसामागं जास्तीत जास्त २०० लिटर प्रक्रिया केलेलं पाणी बाहेर सोडता येतं. दुसरं पाणी डिस्टिलरीचं, म्हणजे स्पेंटवॉश. मळी आंबवून त्यातला मद्यार्क काढून घेतल्यावर तळाला जे गरम, गडद तपकिरी, आंबट पाणी उरतं ते हे. मळीवर चालणाऱ्या डिस्टिलरीत एक लिटर मद्यार्कामागं साधारण ८ ते १५ लिटर स्पेंटवॉश निघतो.

सांडपाण्याची तीव्रता मोजायची दोन मापं आहेत. पाण्यातला सेंद्रिय माल कुजवायला जिवाणूंना किती प्राणवायू लागेल ते बीओडी. रसायनांनी तो पूर्ण जाळायला किती लागेल ते सीओडी. नदीत सोडायच्या पाण्याचा बीओडी लिटरला ३० मिलिग्रॅमच्या आत असावा असा आपला नियम आहे. मळीच्या स्पेंटवॉशचा बीओडी लिटरला ४० ते ५० हजार मिलिग्रॅमच्या घरात असतो आणि सीओडी एक लाखाच्या आसपास.

याचा नदीसाठी अर्थ काय? उन्हाळ्यात नदीच्या स्वच्छ पाण्यात एका लिटरला जेमतेम ८ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळलेला असतो. तो ४ च्या खाली गेला की बहुतेक मासे अडचणीत येतात. आता १० हजार लिटरचा एकच टँकर धरा. ४५ हजार बीओडीच्या हिशोबानं त्या टँकरला ४५० किलो प्राणवायू लागतो. साडेपाच कोटी लिटरहून जास्त पाण्यात जेवढा प्राणवायू असतो, तेवढा हा एक टँकर खाऊ शकतो. हे एका तासात होत नाही. आपल्याकडची बीओडीची चाचणीच ३ दिवसांची आहे. शिवाय वाहती नदी हवेतून नवा प्राणवायू घेत असते. पण बरगे घातलेल्या बंधाऱ्यामागं पाणी तुंबून उभं असतं. तिथं नदीला श्वास घ्यायला जागा नसते. म्हणूनच मासे बहुतेक वेळा बंधाऱ्याजवळ मेलेले दिसतात, घाण जिथून आली तिथं नाही. कुणी सोडलं हे शोधायला लोक जागेवर पोचतात तोवर ते पाणी कितीतरी खाली गेलेलं असतं.

बीटसाखरेच्या कारखान्यातून आलेला उपाय

सांडपाणी शुद्ध करायची जुनी रीत १९१४ मध्ये इंग्लंडातल्या मँचेस्टर शहरात आर्डर्न आणि लॉकेट या दोघांनी मांडली. पाण्यात हवा मारायची, हवेवर जगणारे जिवाणू वाढवायचे आणि त्यांच्याकडून घाण खाऊन घ्यायची. शहरांच्या मैलापाण्याला ही रीत आजही चालते. पण हवा मारायला वीज लागते आणि खाल्लेल्या घाणीचा मोठा भाग गाळ होऊन उरतो. स्पेंटवॉशसारख्या दाट पाण्याला ती लावली तर विजेचं बिलच कारखाना बंद पाडेल.

हॉलंडमधल्या वाखेनिंगेन कृषी विद्यापीठातले संशोधक खात्झे लेटिंगा यांनी १९७० च्या दशकात उलट दिशा धरली. हवा न मारता, हवेशिवाय जगणाऱ्या जिवाणूंकडून काम करून घ्यायचं. गोबरगॅसमध्ये हेच होतं. पण गोबरगॅसला दिवसच्या दिवस लागतात, कारण हे जिवाणू सावकाश वाढतात आणि पाण्याबरोबर वाहून जातात. लेटिंगांच्या आधी अमेरिकेत यंग आणि मॅकार्टी यांनी १९६९ मध्ये टाकीत दगड भरून जिवाणूंना धरून ठेवायचा मार्ग दाखवला होता. लेटिंगांनी दगडही काढून टाकले. बीटसाखर कारखान्याच्या पाण्यावर काम करताना एक गोष्ट दिसली. पाणी खालून वर संथ चढवलं तर जिवाणू आपोआप एकमेकांना चिकटून वाळूसारखे दाणे बनतात. दाणा जड असल्यानं तो तळाशी राहतो. पाणी वरून निघून जातं, गॅस वेगळा होतो. या संयंत्राला यूएएसबी म्हणतात. वर घुमटासारखी रचना, आत फिरणारी यंत्रं जवळपास नाहीत आणि पाणी काही दिवसांऐवजी काही तासांत पार होतं.

लेटिंगांनी या रचनेचं पेटंट घेतलं नाही. गरीब देशांनाही ती वापरता यावी ही त्यामागची भूमिका होती. १९८३ मध्ये कोलंबियातल्या काली शहरात तिचा मैलापाण्यावर प्रयोग झाला. भारतात गंगा कृती योजनेत भारत-डच सहकार्यातून कानपूरच्या जाजमऊला १९८९ मध्ये ५० लाख लिटर क्षमतेचं संयंत्र आलं. १९९४ मध्ये ३ कोटी ६० लाख लिटरचं आलं. पुढं यमुनेच्या काठच्या अनेक शहरांतही ही रचना गेली. लेटिंगांना २००७ मध्ये टायलर पुरस्कार आणि २००९ मध्ये सिंगापूरचा ली कुआन यू जल पुरस्कार मिळाला.

कानपूरनं एक इशाराही दिला. चामडे कारखान्यांच्या पाण्यातलं क्रोमियम, वीज जाणं आणि देखभालीची हेळसांड यांनी तिथली संयंत्रं कायम अडचणीत राहिली. शिवाय हवेविना चालणारी पायरी मोठा भार काढते, पण पाणी नदीत सोडण्याइतकं स्वच्छ करत नाही. तिच्यामागं दुसरी पायरी हवीच.

गॅस विकला जातो, उरलेलं पाणी विकलं जात नाही

डिस्टिलरीवाल्यांनी हवेविना चालणारे डायजेस्टर आनंदानं घेतले, कारण त्यातून गॅस मिळतो. आकडा सोपा आहे. दिवसाला ६० हजार लिटर मद्यार्क काढणारी मळीवरची डिस्टिलरी धरली आणि लिटरमागं १० लिटर स्पेंटवॉश धरला, तर रोज ६ लाख लिटर पाणी आणि त्यात सुमारे ६० टन सीओडी होतो. डायजेस्टरनं त्यातला ६५ टक्के काढला तर ३९ टन गेला. काढलेल्या प्रत्येक किलो सीओडीमागं सुमारे ०.३५ घनमीटर मिथेन मिळतो. म्हणजे दिवसाला १३ हजार घनमीटरहून जास्त. उष्णतेच्या हिशोबात हे ७०० घरगुती सिलिंडरच्या आसपास जातं. बॉयलरचं इंधन वाचतं, आणि ऑक्टोबर २०१८ मध्ये केंद्रानं सुरू केलेल्या ‘सतत’ योजनेनंतर गॅस शुद्ध करून, दाबून विकायचाही रस्ता झाला.

पण २१ टन उरले. एक माणूस दिवसाला साधारण १०० ग्रॅम सीओडी सांडपाण्यात टाकतो असं धरलं, तर हा उरलेला भार दोन लाख वस्तीच्या शहराएवढा आहे. आणि हा भार जिवाणूंना सहज पचणारा नाही. मळी तयार होताना साखर आणि प्रथिनं तापून मेलॅनॉइडिन नावाची तपकिरी द्रव्यं बनतात. भाकरीचा पापुद्रा करपतो तेव्हा हेच होतं. नदीच्या पाण्याला चहासारखा रंग येतो तो यांच्यामुळं. तो रंग सूर्यप्रकाश अडवतो आणि जिवाणू त्याला सहजासहजी हात लावत नाहीत.

प्रगत सांडपाणी प्रक्रियेचं आजचं संशोधन मुख्यतः या उरलेल्या तिसऱ्या भागावर चाललं आहे. ओझोन, फेंटन अभिक्रिया, विजेच्या साहाय्यानं गोठवणं असे मार्ग तपासले गेले. फेंटन अभिक्रियेत लोह आणि हायड्रोजन पेरॉक्साइड वापरून सेंद्रिय रेणू फोडतात. हे रसायन १८९४ पासून माहीत आहे. मुंबईच्या आयसीटीतले प्राध्यापक अनिरुद्ध पंडित आणि नागपूरच्या नीरीतले संशोधक यांनी डिस्टिलरीच्या पाण्यावर ‘कॅव्हिटेशन’चा प्रयोग केला आणि २०१२ मध्ये तो प्रसिद्ध केला. पाणी अरुंद छिद्रातून दाबानं सोडलं की त्यात बारीक बुडबुडे तयार होऊन फुटतात. त्या फुटण्याच्या जागी क्षणभर प्रचंड उष्णता आणि दाब तयार होतो आणि न पचणारे रेणू तुटतात. मग जिवाणू ते खाऊ शकतात. म्हणजे मराठी मुलखातल्या प्रयोगशाळाही या कामात मागं नाहीत. पण हे सगळे मार्ग वीज किंवा रसायन मागतात आणि त्यातून विकायला काही मिळत नाही.

म्हणून प्रत्यक्षात डिस्टिलऱ्या दोन रस्त्यांनी जातात. एक, डायजेस्टरमधून निघालेलं पाणी प्रेसमडवर फवारून कंपोस्ट खत करायचं. दोन, पाणी आटवून दाट करायचं आणि खास बॉयलरमध्ये जाळायचं. दुसऱ्या रस्त्यात राखेत पालाश मिळतं. ही राख ‘पीडीएम’ नावाच्या खतासाठी जाते. त्यात १४.५ टक्के पालाश असतं आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्रानं त्याचा टनाला ४,२६३ रुपये असा परस्परमान्य दर जाहीर केला. पोटॅशसाठी आपला देश आयातीवर अवलंबून असताना ही राख म्हणजे कचरा राहत नाही.

कागदावर दोन्ही रस्ते चांगले आहेत. दोन्हीकडं पाझरायच्या जागा ठरलेल्या आहेत. कंपोस्टची जागा पावसाळ्यात चालत नाही. तोवर पाणी लगूनमध्ये साठवावं लागतं. लगूनचं अस्तर फाटलं तर शेजारच्या विहिरी तांबूस होतात, आणि जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात लगून ओसंडला तर ओढ्यानं सगळं नदीत जातं. जाळायच्या रस्त्यात वाफ लागते. ती वाफ साखरेला आणि वीज विक्रीलाही हवी असते. आटवणारं यंत्र चार दिवस बंद पडलं तर कारखाना डिस्टिलरी थांबवेल की पाणी कुठंतरी जिरवेल, हा त्या चार दिवसांचा निर्णय असतो. सगळेच कारखाने चुकीचा निर्णय घेतात असं मुळीच नाही. पण चुकीचा निर्णय स्वस्त पडतो, ही खरी गोम आहे.

किलोला दर की दिवसाला दंड?

इथं पुन्हा हॉलंडकडं बघावं लागतं. लेटिंगांकडं साखर कारखाने आपणहून का आले? पर्यावरणाच्या प्रेमापोटी नव्हे. १९७० मध्ये तिथं पृष्ठजल प्रदूषण कायदा लागू झाला. त्यानुसार प्रत्येक कारखान्याला त्याच्या पाण्यातला भार किती माणसांएवढा आहे हे मोजून त्या प्रमाणात कर भरावा लागू लागला. पाण्यातला प्रत्येक किलो माल हा ताळेबंदात खर्च म्हणून दिसायला लागला. मग तो किलो कमी करणारा संशोधक व्यवस्थापनाला कामाचा वाटू लागला. तंत्र आधी आलं आणि मग कारखाने सुधारले असं झालं नाही. हिशोब आधी आला, त्यानं तंत्राला गिऱ्हाईक मिळवून दिलं.

आपल्याकडं तंत्र आलं, हिशोब आला नाही. १९७७ च्या कायद्यानं पाण्यावर उपकर होता, पण तो मुख्यतः किती पाणी वापरलं यावर. जीएसटी आला तेव्हा २०१७ मध्ये तोही रद्द झाला. परवाना शुल्क भांडवली गुंतवणुकीवर ठरतं. अलीकडच्या वर्षांत पर्यावरण भरपाई वसूल होते. तिच्या केंद्रीय सूत्रात उद्योगाचा प्रकार, कारखान्याचा आकार, जागा आणि नियमभंगाचे दिवस यांचा गुणाकार आहे. किती किलो घाण सोडली हा आकडा त्यात नाही. म्हणजे पकडलं तर दिवसांचा दंड, नाही पकडलं तर शून्य.

दुसरी वाट म्हणजे सरसकट बंदी. २००३ च्या ‘क्रेप’ या उद्योग-सनदेत डिस्टिलऱ्यांनी डिसेंबर २००५ पर्यंत सगळा स्पेंटवॉश वापरात आणायचा, नदीत थेंबही सोडायचा नाही असं ठरलं. हेच ‘शून्य विसर्ग’. धोरण म्हणून ते कडक आहे. पण शून्य विसर्गाच्या परवान्यात बाहेर जाणाऱ्या पाण्याचं मीटरच नसतं, कारण पाणी बाहेर जातच नाही असं गृहीत असतं. उरतो तो कॅमेरा आणि तपासनिसाची भेट. थोडं बाहेर गेलं आणि खूप बाहेर गेलं यातला फरक अशा व्यवस्थेत कुठंच नोंदला जात नाही.

या अपुऱ्या हिशोबावर गेल्या काही वर्षांत इथेनॉलचा भार पडला. पेट्रोलमध्ये २० टक्के मिश्रणाचं २०३० चं उद्दिष्ट २०२५-२६ वर ओढण्यात आलं आणि २०२५ मध्ये ते गाठलंही गेलं. कोल्हापूर, सांगली, बेळगाव पट्ट्यात डिस्टिलऱ्यांची क्षमता वाढली. ऊस उत्पादकाच्या दृष्टीनं हे वाईट नाही. इथेनॉलचे पैसे साखरेपेक्षा लवकर येतात आणि त्यातून एफआरपीची थकबाकी कमी होते. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्रानं उसाच्या रसापासूनच्या इथेनॉलवर अचानक बंधनं घातली, तेव्हा या पैशावर कारखाने किती अवलंबून आहेत ते दिसलं. ऑगस्ट २०२४ मध्ये ती उठली. रस किंवा सिरपपासून इथेनॉल केलं तर स्पेंटवॉश मळीपेक्षा बराच सौम्य असतो, धान्यापासून केलं तर उरलेला चोथा पशुखाद्यात जातो, हेही खरं. पण मळी आहे तोवर दाट पाणी आहेच.

नदीकाठचा शेतकरी म्हणूनच पेचात आहे. डिस्टिलरी चालली तर त्याचं बिल वेळेवर निघतं. तिचं पाणी सुटलं तर त्याच्याच गावच्या जॅकवेलमध्ये येतं. इचलकरंजीत २०१२ मध्ये काविळीची साथ आली आणि माणसं दगावली. ती साथ मैलापाण्यामुळं पसरणाऱ्या रोगाची होती, कारखान्याच्या पाण्याची नव्हे, हे नीट लक्षात ठेवायला हवं. शहरांचं प्रक्रिया न झालेलं मैलापाणी हा या नद्यांवरचा वेगळा आणि मोठा भार आहे. कारखान्याकडं बोट दाखवून नगरपालिकांना सुटता येत नाही, आणि नगरपालिकांकडं बोट दाखवून कारखान्यांनाही नाही.

ऊस सीमा ओलांडतो, चौकशी ओलांडत नाही

सीमाभागात या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. नृसिंहवाडीला पंचगंगा कृष्णेला मिळते. राजापूर बंधारा, खिद्रापूर पार करून नदी बेळगाव जिल्ह्यात शिरते आणि कल्लोळजवळ तिला दूधगंगा मिळते. तिकडं आंबोलीला उगम पावणारी हिरण्यकेशी आजरा, गडहिंग्लज करून संकेश्वरला जाते आणि पुढं घटप्रभेला मिळते. या काठांवर दोन्ही राज्यांचे कारखाने आहेत. निपाणी, चिक्कोडीचा ऊस महाराष्ट्रात जातो, तिकडचा इकडं येतो. वजनकाट्यावर कुणी राज्य विचारत नाही.

पाण्याची तक्रार मात्र रेषेवर थांबते. वरच्या बाजूला महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ आहे, खालच्या बाजूला कर्नाटकचं. कागवाडच्या माणसाला वरून घाण आली असं वाटलं तर त्याच्या मंडळाच्या अधिकाऱ्याला शिरोळ तालुक्यातल्या कारखान्याच्या दारात जाऊन नमुना घ्यायचा अधिकार नाही. हरित लवादाचंही तसंच. महाराष्ट्र आणि गोवा पुण्याच्या पश्चिम पीठाकडं, कर्नाटक चेन्नईच्या दक्षिण पीठाकडं. एकाच नदीचं एकच पाणी, पण वरचा अर्ज पुण्यात आणि खालचा चेन्नईत. कृष्णा लवादानं १९७० च्या दशकात २,०६० टीएमसी पाण्याची वाटणी केली, महाराष्ट्राला ५६०, कर्नाटकाला ७००, आंध्राला ८००. किती पाणी द्यायचं हे टीएमसीत ठरलं. कसं पाणी द्यायचं याचं कुठलंच माप दोन राज्यांत ठरलेलं नाही.

आणि ही फक्त महाराष्ट्राविरुद्ध कर्नाटक अशी तक्रार नाही. हिरण्यकेशी, घटप्रभेच्या काठी कर्नाटकातलेच कारखाने वर आणि कर्नाटकातलीच गावं खाली आहेत. नदीकाठी प्रत्येक जण कुणाच्या तरी खाली राहतो आणि कुणाच्या तरी वर.

विशेष म्हणजे कायद्यात यावर तरतूद आहे. १९७४ च्या जल कायद्याच्या कलम १३ नुसार लागून असलेली दोन राज्यं करार करून संयुक्त मंडळ स्थापन करू शकतात. त्याचा खर्च कसा वाटायचा हेही करारात लिहायचं असतं. कृष्णेसाठी असं मंडळ नाही. २०१४ नंतर आलेलं कृष्णा नदी व्यवस्थापन मंडळ हे तेलंगण आणि आंध्रातल्या पाणी व्यवस्थापनासाठी आहे, प्रदूषणासाठी नाही. सीमाप्रश्न न्यायालयात असताना दोन राज्यं एका टेबलावर बसणार कशी, असा प्रश्न येईल. पण पूर आला की अलमट्टीच्या विसर्गासाठी दोन्हीकडचे पाटबंधारे अधिकारी एकमेकांशी बोलतातच. पुराच्या पाण्यासाठी जे जमतं ते उन्हाळ्याच्या पाण्यासाठी जमू नये असं काही नाही.

हॉलंड स्वतः ऱ्हाइन नदीच्या तळाला आहे. वरच्या देशांची घाण त्यांच्याकडं यायची. १९५० पासून काठच्या देशांचा संयुक्त आयोग आहे. १९८६ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या सँडोझ कंपनीच्या गोदामाच्या आगीनंतर नदीत विषारी रसायनं गेली, मासे मेले आणि आयोगाला खरा जोर आला. जर्मनी-हॉलंड सीमेवर बिमेन-लोबिथ इथं दोन्ही देश मिळून पाणी मोजतात. आकडा एकच असल्यानं तो कुणाचा खरा यावर वाद होत नाही.

आता काय मागता येईल?

संयुक्त मंडळ एका वर्षात होणार नाही. पण काही गोष्टी आज आहेत त्या कायद्यांतच बसतात. राजापूर बंधारा आणि कल्लोळ इथं दोन्ही मंडळांनी एकाच दिवशी, एकत्र नमुने घ्यावेत आणि निकाल मराठी, कन्नड दोन्ही भाषांत ग्रामपंचायतीत लावावेत. २०१४ पासून साखर आणि डिस्टिलरीसह १७ प्रकारच्या उद्योगांना ऑनलाइन मोजणी यंत्रं बंधनकारक आहेत. ते आकडे मंडळाच्या सर्व्हरवर जातात. ते सीमेपलीकडच्या मंडळाला आणि लोकांना रोज दिसावेत. मे महिन्यात प्रत्येक लगूनची पातळी मोजून जाहीर व्हावी, म्हणजे जूनमध्ये कुठला ओसंडणार हे आधी कळेल. बंधाऱ्याचे बरगे काढताना खालच्या तालुक्याला कळवलं जावं, कारण तुंबलेलं घाण पाणी एकदम सुटलं की खालच्या जॅकवेलला तयारीला वेळ मिळत नाही.

सगळ्यात जवळची जागा मात्र कारखान्याची वार्षिक सर्वसाधारण सभा आहे. सप्टेंबरच्या आसपास या सभा होतात. अहवालात उतारा, गाळप, इथेनॉल, वीज निर्यात यांचे आकडे असतात. त्यातच चार ओळी सभासदांनी मागाव्यात. वर्षात स्पेंटवॉश किती लिटर निघाला, डायजेस्टरमधून गॅस किती मिळाला, किती पाणी आटवलं किंवा कंपोस्टला गेलं आणि राख किंवा खत किती टन विकलं. निघालेल्या मालाची आणि लागलेल्या मालाची बेरीज जुळायला हवी. प्रत्येक किलो सीओडीमागं गॅस किती यायला हवा हे शास्त्रानं ठरलेलं आहे, त्यामुळं गॅसचा आकडा कमी असेल तर पाणी कुठं गेलं हे विचारायला कुणा तज्ज्ञाची गरज नाही. दोन्ही राज्यांतल्या ऊसकरी सभासदाला आपल्या कारखान्याचं वही-खातं वाचता येतं. त्यात पाण्याचं पान जोडून घेणं हे त्याच्या हातातलं काम आहे.